गोदावरीला पूर आला की नाशिककर घरी बसायचं सोडून तो बघायला का जातात?

फुकट असतो म्हणून. तिकीट लावा, होळकर पूल रिकामा होईल. शिवाय बुडणारं दुकान दुसऱ्याचं असतं.

आमचं दुकान भांडी बाजारात, त्यामुळे मी पुराच्या आतल्या बाजूने सांगतोय: बघे परवडले, वैताग जाणकारांचा. आमच्या काकांनी १९६९चा पूर पाहिलाय. तेव्हापासून पाण्याबद्दल त्यांना कोणी काही सांगायची सोय नाही.

२ ऑगस्ट २०१६. पाऊस नुसता कोसळत होता. मी म्हटलं, "काका, खालचा माल माळ्यावर टाकू." काका गल्ल्यावरून हलले नाहीत. "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागू दे, मग बघू."

हा मारुती म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मूर्ती; पाणी तिच्या कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात. तो नदीचं पाणी सांगतो हो, आणि चोख सांगतो. पण शहरात पडलेला पाऊस सरस्वती नाल्याने येतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकेना, ते मागे बाजारात शिरतं. ते कोणाच्या कमरेची वाट बघत नाही. आधी मोरीतून बुडबुडे आले, मग उंबऱ्यावरून गढूळ पाणी, आणि मग पातेली एकमेकांवर आपटत दुकानभर पोहायला लागली. काका म्हणाले, "उतरेल."

मी पितळी हंडा डोक्यावर घेऊन समोरच्या जिन्याने वर चढतोय, आणि पायरीवरचा एक पोरगा मोबाईल धरून म्हणतो, "दादा, परत खाली या ना, हंडा आलाच नाही फोटोत." खरं सांगतो, त्याचा राग आला नाही. त्याला पूर बघायचा होता, तो बघत होता. काकांना बरोबर ठरायचं होतं, आणि त्यासाठी अख्खं दुकान गेलं तरी चालणार होतं.

तुम्हाला जायचंच असेल तर आधी गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय ते ऐका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १० हजार क्युसेक म्हटले की सेकंदाला पावणेतीन लाख लिटरच्या वर, आणि त्यात शहरातले नाले धरलेले नसतात. घरात एकोणसत्तरवाला कोणी असेल तर माल आधी हलवा, परवानगी नंतर मागा.

आता हेही सांगायला हवं की सगळेच बघे तसे नसतात. त्या दिवशी आमचा बराचसा माल वर नेला तो बघायला आलेल्यांनीच. एकाची चप्पल वाहून गेली तरी गडी थांबला नाही. चहासुद्धा न घेता गेला.

काका हल्ली लग्नकार्यात सोळाचा पूर रंगवून सांगतात. त्यात माल हलवायचं त्यांनी सकाळीच ठरवलेलं असतं, आणि गल्ल्यावर बसून "उतरेल, उतरेल" म्हणणारा मी असतो.