समाजशास्त्र आणि स्पॅनिश : एका विद्यार्थिनीस पत्र

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. येत्या सत्रात कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, समाजशास्त्राचा आणि स्पॅनिशचा पहिला अभ्यासक्रम घ्यावा, की घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते बाजूला ठेवून फक्त गणित आणि संगणकाकडे लक्ष द्यावे, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की दोन्ही घ्यावेस, आणि जमल्यास एकाच सत्रात घ्यावेस.

आईवडिलांची काळजी मी समजू शकतो, म्हणून पैशाचे आधी सांगतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवासी विद्यार्थ्याला सेमिस्टर पद्धतीच्या कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजण्याच्या एका एककाला, 46 डॉलर पडतात. समाजशास्त्राची तीन आणि स्पॅनिशची पाच युनिटे धरली, तर किरकोळ शुल्के वगळून 368 डॉलर होतात. 1960 साली राज्याने उच्च शिक्षणाचा जो आराखडा स्वीकारला, त्यात पहिली दोन वर्षे अशा कॉलेजात करून पुढे विद्यापीठात जाण्याची वाट हेतुपूर्वक ठेवलेली आहे. ज्याला आपली दिशा अजून तपासून पाहायची आहे, त्याच्यासाठी याहून स्वस्त आणि सन्मानाची जागा मला माहीत नाही.

आता स्पॅनिशविषयी. सहावीच्या पुढे किमान दोन वर्षे इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याची विद्यापीठाची परकीय भाषेची अट पूर्ण झाली असे अनेक ठिकाणी मानले जाते. तुझी दहावी मराठी माध्यमातून झालेली आहे, तेव्हा गुणपत्रके कॉलेजात अभ्यासक्रमाविषयी सल्ला देणाऱ्या काउन्सेलरला अवश्य दाखव. अट सुटली तर स्पॅनिश कशाला, हा तुझ्या वडिलांचा पुढचा प्रश्न असेल. त्याचे उत्तर मी या राज्याच्या इतिहासातूनच देतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून बरेच शेतकरी कॅलिफोर्नियात आले. 1917 च्या कायद्याने भारतातून येणाऱ्यांची वाट अडवली, त्यामुळे आधी आलेल्यांना घरून बायकामुले आणता येईनात. गोऱ्या स्त्रीशी लग्न करण्यास राज्याच्या कायद्याची बंदी होती. 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांना ते गोरे ठरत नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले, आणि 1913 च्या जमीनविषयक कायद्याची कुऱ्हाड भारतीयांवरही आली, कारण ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नसे. या कोंडीत राज्याच्या दक्षिण टोकाच्या इंपीरियल व्हॅलीतल्या कित्येक पंजाब्यांनी त्याच शेतांवर काम करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलींशी लग्ने केली. दोघांचाही वर्ण सावळा दिसला की परवाना देणारा कारकून सहसा हरकत घेत नसे. या घरांतली मुले आडनावाने सिंग असली तरी बहुतेक आईच्या धर्मात आणि आईच्या स्पॅनिशमध्ये वाढली. आंतरवर्णीय विवाहांवरची बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली रद्द केली, तोवर या घरांतली पहिली पिढी वयात आलेली होती.

एखाद्या माणसाने कोणाशी लग्न केले, ही वरवर पाहता अगदी खासगी गोष्ट वाटते. परंतु तिच्यामागे कायदा, जमीन, मजुरी आणि वर्णभेद कसे उभे असतात, हे पाहायला समाजशास्त्र शिकवते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांचा संबंध जोडून दाखवला; पहिल्याच आठवड्यांत तुझी त्यांच्याशी गाठ पडेल. मात्र त्या घरांतल्या आजीने नातवंडांना काय सांगितले, हे ऐकायचे तर तिची भाषा यावी लागते. आजही राज्याच्या लोकसंख्येत लॅटिनो समाज सुमारे 40 टक्के आहे, आणि तुमच्या घरापासून थोड्या अंतरावर, सॅन होझेच्या अॅलम रॉक भागात, दिवसभर स्पॅनिश कानावर पडते. दोन्ही विषय एकत्र घे, असे म्हणतो ते यासाठी.

थिंड यांच्या खटल्यातली आणखी एक गोष्ट तू मन घट्ट करून वाचावीस. आपण उच्च जातीचे आहोत, म्हणून गोरे ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. वंशाविषयीच्या तासाला वर्गात जातीचा प्रश्न निघेलच. जातिभेदावर बंदी घालणारे विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केले होते आणि 2023 च्या ऑक्टोबरात राज्यपालांनी ते नाकारले, तेव्हा हा विषय इथे परका राहिलेला नाही. अशा वेळी सगळ्या भारतीयांच्या वतीने बोलू नकोस आणि घरात ऐकलेले मत अभ्यास म्हणून मांडू नकोस. डॉ. आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उत्पत्तीवर जो निबंध वाचला, तो आधी वाच. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने परक्या देशात, आपल्याच समाजाविषयी, किती निर्भयपणे विचार करावा, याचा त्याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

भाषेच्या बाबतीत तुझी मराठी तुला फार उपयोगी पडेल. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. नामांना लिंग असते, विशेषण त्यानुसार बदलते, याचेही तुला नवल वाटणार नाही. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ या रचनेशी वर्गातली इंग्रजीभाषक मुले झगडतील, तू मात्र ‘मला पुस्तक आवडते’ असे मनात म्हण आणि पुढे जा, कारण दोन्हीकडे क्रियापद पुस्तकाप्रमाणेच चालते. जड जाईल ते वेगळे : आपल्या एका ‘असणे’साठी तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत, आणि कोणते केव्हा वापरायचे हे वाक्ये बोलून बोलूनच अंगवळणी पडते. म्हणून ठरलेल्या वेळी शिक्षकांसमोर बसून बोलावे लागेल असाच वर्ग निवड. केवळ ध्वनिचित्रफिती पाहून करायचा ऑनलाइन वर्ग पहिल्या पायरीला घेऊ नकोस. रोज अर्धा तास मोठ्याने वाच. दुकानात किंवा बसमध्ये बोलण्याची संधी मिळेल तेव्हा जरूर बोल, पण कष्टकरी माणसांना आपल्या सरावाचे साधन समजू नकोस. त्यांना वेळ आहे का, हे आधी पाहावे, आणि समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मुलाखत घ्यायची असेल तर हेतू सांगून परवानगी घ्यावी.

कॉलेज निवडताना एवढे ध्यानात ठेव की डी अँझा आणि फूटहिल इथे क्वार्टर पद्धत आहे. बारा आठवड्यांत सगळे आटोपते, आणि पहिला आठवडा वाया गेला तर भरून काढणे कठीण जाते. वेस्ट व्हॅली आणि सॅन होझे सिटी कॉलेजात सेमिस्टर आहे, तुझ्यासारख्या नव्याने आलेल्या मुलीला ती चाल अधिक सोसेल असे मला वाटते. मध्येच कॉलेज बदलून स्पॅनिशची साखळी तोडू नकोस, कारण दोन पद्धतींचे भाग एकमेकांत नीट बसत नाहीत. समाजशास्त्र पुढे न्यायचे ठरले तर संख्याशास्त्र लागेल, म्हणजे गणिताची तयारी वाया जात नाही, हे वडिलांना सांग. कोणता अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठात धरला जातो ते असिस्ट या संकेतस्थळावर स्वतः पाहा, ऐकीव माहितीवर विसंबू नकोस. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा ट्रान्सफरच्या, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून पुढे येणाऱ्या, विद्यार्थ्यांना अटींवर प्रवेशाची हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यांत नाहीत. या हमीचा अर्ज सप्टेंबरातच भरावा लागतो.

काउन्सेलरची वेळ या आठवड्यात घे आणि सोबत आईवडिलांनाही ने. त्यांच्या शंका तिथे समोरासमोर विचारल्या जाऊ देत. काय ठरले ते मला कळव.

तुझा,
काका