कंपाइलेशन की रिव्ह्यू, हे आधी ठरव

पुण्यात बसून अमेरिकन क्लायंटच्या आर्थिक पत्रकांचं काम करणार असशील, तर गेल्या वर्षीची फाइल कॉपी करून सुरुवात करू नकोस. मानकं बदलत असतात. 2014 च्या एसएसएआरएस 21 ने (एसएसएआरएस म्हणजे ऑडिट नसलेल्या लेखासेवांची अमेरिकन मानकं) ‘प्रिपरेशन’, म्हणजे फक्त पत्रकं तयार करून देणं, ही वेगळी सेवा आणली. तिला रिपोर्ट लागत नाही, पण ‘कोणतीही हमी दिलेली नाही’ अशा अर्थाची ओळ प्रत्येक पानावर हवी, अगदी नोट्सच्याही. ती नेमकी तिथेच राहून जाते.

कंपाइलेशनमध्येही, म्हणजे क्लायंटची माहिती पत्रकांच्या रूपात मांडून रिपोर्ट देण्यातही, हमी नसते; तुमची फर्म क्लायंटपासून स्वतंत्र नसली तरी चालतं, फक्त रिपोर्टमध्ये तसं सांगावं लागतं. रिव्ह्यूला, म्हणजे चौकशी आणि आकड्यांचं विश्लेषण करून पत्रकं पारखण्याला, मात्र स्वातंत्र्य हवंच, कारण तिथे मर्यादित हमी देतो आपण. खरा कस इथेच लागतो. ढोबळ नफा 30 टक्क्यांवरून एकदम 40 वर गेला आणि मालक म्हणाला, ‘धंदा बरा झाला’, तर लगेच टिक मारू नकोस. अखेरचा साठा कसा मोजला, मार्चअखेरची नव्हे, त्यांच्या डिसेंबरअखेरची खरेदी कुठल्या वर्षात धरली, ते विचार. उत्तर वर्किंग पेपरमध्ये लिही. एसएसएआरएस 25 नंतर रिव्ह्यूसाठी मटेरियालिटी (केवढी चूक महत्त्वाची मानायची ती मर्यादा) ठरवावीच लागते, आणि पत्रकं बरोबर नाहीत असा प्रतिकूल निष्कर्षही देता येतो.

आणि एंगेजमेंट लेटरवर (कामाच्या अटींच्या पत्रावर) दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यात ना, ते आजच बघ.