मनगटातून रक्त घेण्यापूर्वी हात का दाबतात?

प्रश्न : माझ्या वडिलांना फुप्फुसांचा जुना आजार आहे. रुग्णालयात मनगटातून एबीजी (धमनीच्या रक्तातील ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड वगैरे मोजणाऱ्या) तपासणीसाठी रक्त घेण्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांना मूठ आवळायला सांगून मनगट दोन्ही बाजूंनी दाबून धरले. तळहात पांढराफटक पडला, तेव्हा आम्ही घाबरलो. हे कशासाठी करतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तळहात पांढरा पडणे हा या तपासणीचाच भाग आहे, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. हाताला मुख्यतः दोन धमन्या रक्त पुरवतात : अंगठ्याच्या बाजूची रेडियल आणि करंगळीच्या बाजूची अल्नार. तळहातात त्या कमानीसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मात्र ही जोडणी प्रत्येकात सारखी पूर्ण नसते. एबीजीसाठी सुई बहुधा रेडियल धमनीत घालतात. तिच्यात गुठळी झाली, तर अल्नार धमनी एकटी हात सांभाळू शकेल का, हे आधी पाहिले जाते. अमेरिकेतील डॉ. एडगर अ‍ॅलन यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेल्या चाचणीचे हे सुधारित रूप आहे.

मूठ आवळलेली असताना दोन्ही धमन्या दाबतात, मग मूठ उघडायला लावून फक्त अल्नारवरचा दाब सोडतात. साधारण पाच ते दहा सेकंदांत तळहातावर, विशेषतः अंगठ्याच्या बुडाशी, लाली परतली तर पुरवठा पुरेसा मानतात. बोटे ताणून हात मागे वाकवला, तर पुरवठा चांगला असूनही तळहात फिकाच दिसतो, म्हणून हात सैल ठेवायला सांगतात. रुग्ण बेशुद्ध असेल, तर मूठ दुसऱ्याने मिटवून धरावी लागते.

ही चाचणी अचूक नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. तिचा निष्कर्ष चांगला आला म्हणून धोका शून्य होत नाही आणि वाईट आला म्हणून हाताला इजा होतेच असेही नाही. त्यामुळे तिच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. तरीही लाली उशिरा परतली, तर दुसरा हात तपासणे हेच शहाणपणाचे, असे माझे मत आहे. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) केलेल्या हातातून मात्र हे रक्त घेऊ नये.

सुई काढल्यावर त्या जागी किमान पाच मिनिटे घट्ट दाबून धरावे लागते. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते आधीच सांगा, कारण मग अधिक वेळ दाबावे लागते. नंतर बोटे गार किंवा फिकी पडली, बधिर झाली किंवा मनगटाची सूज वाढत गेली, तर परिचारिकेला लगेच बोलवा.