कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे?

प्रश्न : मालिकेत सून काही बोलली की घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जाऊन आदळतो. परवा नातवानं ‘कोर्ट’ हा सिनेमा दाखवला, तर त्यात कॅमेरा हलायलाच तयार नाही. तो म्हणतो, तीच तर गंमत. मला कंटाळा आला. इंदुरात इतकी वर्षं तुम्ही कॅमेरा धरलात, खरं काय ते सांगा.
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, मी सिनेमे नाही, लग्नं केली, तेव्हा लग्नातलंच सांगतो. मंगलाष्टकं चालू आहेत. नवरीच्या मागून, तिच्या खांद्यावरून शूट केलं तर समोर नुसता अंतरपाट. तो खाली येईपर्यंत बघणाराही तिच्याइतकाच ताटकळतो. तेच बाजूला सरकलो तर दोघंही दिसतात. तिकडे नवरदेव घाम पुसतोय, इकडे ही ओठ चावून हसू दाबतेय, आणि एकमेकांचं एकमेकांना काही ठाऊक नाही. आता बघणाऱ्याला त्या दोघांपेक्षा जास्त कळतं. भटजी तेच, अक्षता त्याच, गोष्ट निराळी.

‘कोर्ट’मध्ये (२०१४) दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे आणि छायालेखक मृणाल देसाई आपल्याला जणू मागच्या बाकावर बसवतात. वकील, न्यायाधीश, आरोपी सगळे एका चौकटीत. कुणाकडे बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तारखांवर तारखा पडतात, त्याचा कंटाळा थोडा तुम्हालाही यावा, हा बेतच आहे. शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवतात आणि कॅमेरा अंधारातही तिथंच थांबतो. तेवढं पुन्हा बघा.

मालिकांना मात्र मी नावं ठेवणार नाही. रोजचा भाग रोज द्यायचा, दोन-तीन कॅमेरे एकदम चालवायचे, म्हणून उजेडही सगळीकडे सारखा पाडतात. सावलीत काही लपवायची सोयच उरत नाही. मग चेहरा आणि झूम. शिवाय कितीतरी जणी भाजी निवडता निवडता बघतात. मान वर केली की कोण चिडलंय ते झटकन कळायला नको?

नातवाला घेऊन एकदा रात्री सराफ्यात, आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, जा. गल्लीच्या तोंडाशी थांबून मोबाइलवर झूम करून फोटो घ्या : दुकानं एकमेकांना चिकटलेली, माणसांची खेचाखेच. मग कढईजवळ जाऊन, झूम न करता घ्या : जिलेबीवाला अंगावर येतो, गर्दी मागे पडते. सराफा गजबजलेला दाखवायचा असला की मी लांबूनच घ्यायचो. जिलेबी मात्र फोटो झाल्यावर खा. तुपकट बोटं लेन्सला लागली की पुसता पुसत नाहीत.