पहिल्यांदाच बॉडी पेंटिंगसाठी मॉडेल म्हणून उभं राहायचंय, तयारी काय करू?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: संभाजीनगरला कला शिकणाऱ्या मैत्रिणीचा प्रोजेक्ट आहे, विषय अजिंठ्याचा पद्मपाणी (लेण्यातलं बोधिसत्त्वाचं चित्र), चेहरा-पाठ-दोन्ही हात रंगवायचे आहेत, तारीख मे महिन्यातली, आणि तुम्हाला भीती आहे ती उभं राहता येईल का याची. मी रंगवणाऱ्यांच्या बाजूने उत्तर देतेय. उभं राहण्याचं बघू, पण त्याआधी मैत्रिणीला विचारा की रंग कोणता वापरणार. खरा घोळ तिथेच होतो.

अंगावर फक्त कॉस्मेटिक दर्जाचे रंग चालतात, म्हणजे ओला ब्रश फिरवून लावायच्या वड्यांसारखे. विद्यार्थी पैसे वाचवायला पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक काढतात आणि डबीवरचं 'नॉन-टॉक्सिक' दाखवतात. त्याचा अर्थ मुलाने चुकून थोडा चाटला तर विषबाधा होणार नाही, इतकाच. तो तासन् तास कातडीवर ठेवायला तपासलेला असतो असं नाही. ॲक्रिलिक वाळलं की प्लॅस्टिकचा पापुद्रा होतो, कोपरात तडकतो, काढताना लव उपटून निघते. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ अजिबात नको, तिचे कण बुबुळाला ओरखडे पाडतात. रंग महाग पडत असतील तर फक्त पाठ रंगवा म्हणावं.

निदान चार दिवस आधी चाचणी करा. जो डबा त्या दिवशी वापरणार त्यातलाच प्रत्येक रंग कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा लावायचा, तीन-चार तास ठेवायचा, धुवायचा आणि पुढे दोन-तीन दिवस बघायचं. लगेच काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, ॲलर्जीची खाज बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. काळ्या मेंदीने किंवा केसांच्या कलपाने कधी फोड आले असतील तर ते आधीच सांगा. अंगावर नायटा असेल तर तारीख पुढे ढकला, कारण स्पंज एकच असतो आणि नायटा त्यातून पसरतो. घामोळ्यांवर रंग लावला तर नुसती आग आग होते.

वॅक्सिंग दोन दिवस आधी उरका. त्याच सकाळी केलंत तर रंग उघड्या छिद्रांत बसतो आणि पाठीवर मोहरी सांडल्यासारखे ठिपके दिसतात. आदल्या दिवशी ओल्या पंचाने अंग घासून आंघोळ करा, त्यानंतर लोशन, डिओ, सनस्क्रीन काहीच नाही. हळदीचं उटणंही नको. आणि आपल्याकडचा हमखास घोटाळा म्हणजे डोक्याचं तेल. रात्री तेल चोपडून झोपलं की ते उशीवरून मानेवर आणि कपाळावर उतरतं. सकाळी तिथे पाण्याचा रंग धरतच नाही, तव्यावरच्या थेंबांसारखा गोळा होतो. कलाकार दोन हात देते, तीन देते, आणि शेवटी तो थर खपलीसारखा सुटतो.

कपड्यांचे वळ ही दुसरी गोष्ट. इलॅस्टिकचा वळ रंगाखालूनही दिसतो आणि जायला तासभर तरी घेतो. म्हणून सकाळी उठल्यापासून सैल गाऊन, तोही समोरून बटणांचा. डोक्यावरून काढायचा कपडा घातलात तर रंगवलेली पाठ त्यालाच पुसली जाते. घड्याळ, पैंजण, गळ्यातला काळा दोरा घरीच काढा. आतले कपडे अंगाच्या रंगाचे, शिवण नसलेले घ्या. छातीवर चिकटवायची कव्हर्स स्वतःच लावायची, तीही कोरड्या कातडीवर.

आता उभं राहणं. पाठ आणि हातांना दोन-अडीच तास धरा, चेहऱ्याला पाऊण तास वेगळा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी त्रिभंगात आहे: मान, कंबर, गुडघा तिन्ही ठिकाणी बाक. चित्रात तो सहज वाटतो, प्रत्यक्षात सगळा भार एका पायावर येतो. रंगवताना ती पोझ धरायची गरजच नाही. सरळ उभं राहून रंगवून घ्या, बाक फक्त फोटोपुरता. घरी मोबाइलवर टायमर लावून अर्धा तास, हात अंगापासून वीतभर लांब ठेवून उभं राहायचा सराव करा. हात वर धरावा लागला तर शिडीच्या पायरीचा आधार मागा.

मॉडेल चक्कर येऊन पडते ती बहुधा गुडघे ताठ बांधून उभी राहिल्याने. पोटऱ्या हलत नाहीत, रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं. गुडघे किंचित सैल ठेवा, पायाची बोटं हलवत राहा, दर चाळीस मिनिटांनी बसा. एकामागून एक जांभया, गार घाम, कानात सूं आवाज, ही चक्करेची वर्दी. तेव्हा 'एवढी रेघ होऊ दे' असं ऐकायचं नाही. तिथेच आडवं व्हायचं, पाय उंच करायचे. रंग पुसला तर पुन्हा लागेल. उपासाच्या दिवशी तारीख घेऊ नका. निघण्याआधी दीड तास पोटभर पण हलकं खा, सोबत केळी, शेंगदाण्याची चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि स्ट्रॉ ठेवा. तहान मारू नका, लघवीला जाता येतं. रंगवताना खाली पायजमा घालाल तो नाडीचा नको, सैल इलॅस्टिकचा घाला, बोटांवरचा रंग वाचतो.

मे महिन्यात बेचाळीसच्या आसपास पारा असताना दुपार घेऊच नका, सकाळी सहाला सुरुवात करा. कूलर समोर लावला तर दमट हवेत रंग वाळत नाही, काखेत आणि कोपरात चिकटतो. पंखा थेट अंगावर आला तर ओल्या पाठीवर काटा येतो आणि पद्मपाणीच्या मुकुटाची बारीक रेघ तुटक उमटते. पंखा भिंतीकडे वळवलेला बरा. 'अंगभर रंग लावला की कातडी गुदमरते' असं कोणी सांगेल, तसं काही नसतं. श्वास फुप्फुसं घेतात. जाड थराखाली घाम नीट वाळत नाही, अंग तापतं, काळजी त्याची घ्यायची.

एक बोलणं आधी, तेही कागदावर: खोलीत कोण असणार, फोटो कोण काढणार, कुठे टाकणार. मैत्रीण असली तरी. लातूर-नांदेडकडे फोटो संध्याकाळपर्यंत मावशीच्या ग्रुपवर पोचतो. सोबत आपलं एक माणूस न्या. मधेच थांबवायचा हक्क तुमचा आहे, हेही लिहून घ्या.

रंग काढायच्या पाण्याची सोय आदल्या दिवशीच करा, नळ नेमका त्या दिवशी येईलच असं नाही. तीन बादल्या तरी लागतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याची एक बादली वेगळी ठेवा. लिक्विड सोप आधी कोरड्या अंगावरच चोळायचा, रंग सुटला की कोमट पाणी. उरलेल्या डागांना खोबरेल, मग पुन्हा साबण. थिनर, रॉकेल कोणी पुढे केलं तर हातही लावू नका. निळा आणि हिरवा कानामागे आणि नखांत दोन दिवस रेंगाळतो. त्या रात्री उशीला जुनी खोळ घाला.