फिल्म फोटोग्राफी आणि डार्करूमच्या वर्गात नेमकं काय शिकायला मिळतं?

तुम्ही लिहिलंय की उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला फिल्म-डार्करूम आणि डिजिटल स्टुडिओ यांतला एकच वर्ग निवडायचाय. कॅमेरा जवळ नाही, आणि फोनवर सगळं होत असताना हे शिकून काय मिळणार, अशी शंकाही आहे. मी नव्वदच्या दशकात आर्ट कॉलेजात हे शिकले, पुढे काही वर्षं मुलांना शिकवलंही. त्यावरून सांगते.

फिल्मचाच वर्ग घ्या. पण नाव नोंदवण्याआधी एक चौकशी करा: तिथला एनलार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठं चित्र पाडणारं यंत्र) चालू आहे का, आणि मुलांना स्वतःच्या हाताने प्रिंट काढू देतात का? रोल लॅबला धुवायला देऊन स्कॅन मागवायचे आणि मग ते फोटोशॉपमध्ये उघडायचे, असा वर्ग असेल तर सरळ डिजिटल स्टुडिओ घ्या. अर्ध्या फिल्म-वर्गासाठी रोलचा खर्च करण्यात अर्थ नाही, आणि हल्ली रोल स्वस्त नाहीत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंडू’ माल मिळायचा ते दिवस गेले. आता इलफर्ड, कोडॅक, फोमा, सगळं बाहेरून येतं.

बहुतेकांना वाटतं की या वर्गात कॅमेरा शिकवतात. कॅमेऱ्याचं शिक्षण पहिल्या दोन तासांत उरकतं. ॲपर्चर, शटर, फोकस, संपलं. उजेड मोजणारा मीटर बंद पडला तरी भर उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या जवळपास. म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००. तेवढ्यावर अख्खा रोल नीट येतो. खरं शिकायचं असतं ते निगेटिव्ह वाचणं. फोटो बिघडला तर तो कॅमेऱ्यात बिघडला, टाकीत (फिल्म धुवायच्या डब्यात) बिघडला की कागदावर, हे पट्टी उजेडाला धरून सांगता आलं पाहिजे. फोनवर हे शिकायची सोयच नाही, कारण तिथे चूक कुठल्या पायरीवर झाली ते दिसायच्या आत यंत्र ती सावरून टाकतं.

उदाहरण देते. रोल धुऊन निघाला आणि सगळा पारदर्शक, एकही चित्र नाही. वर्गात रडारड. अशा वेळी आधी कडेचे आकडे बघायचे. फिल्मच्या काठावर फ्रेमचे नंबर आणि कंपनीचं नाव असतं, ते कारखान्यातच उजेडाने उमटवलेलं असतं. तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. आकडे ठळक काळे आले असतील तर डेव्हलपरने (चित्र उमटवणाऱ्या रसायनाने) आपलं काम चोख केलंय. फिल्मपर्यंत उजेडच पोचला नाही. बहुधा रोल कॅमेऱ्यातल्या स्पूलवर अडकला नव्हता आणि तुम्ही महिनाभर रिकामा लिव्हर ओढत होतात. आकडे फिके असतील तर डेव्हलपर मेलेला होता, थंड होता किंवा वेळ कमी पडला. आणि आकडेसुद्धा नसतील तर कुणीतरी टाकीत आधी फिक्सर (न उमटलेली चांदी काढून चित्र पक्कं करणारं रसायन) ओतला. तीन वेगळे आजार आहेत, लक्षण मात्र वरवर एकच.

असंच बाकीचं. सावलीच्या जागी निगेटिव्ह अगदी कोरी असेल तर एक्स्पोजर कमी पडलं, आणि ती गोष्ट डेव्हलपर वाढवून परत येत नाही. आकाश, पांढरा सदरा या जागा इतक्या दाट की पलीकडचं दिसत नाही, तर बहुधा धुताना जास्त वेळ झाला किंवा पाणी गरम होतं. चंद्रकोरीसारखा डाग म्हणजे टाकीतल्या रिळावर चढवताना फिल्म मुडपली. कडेच्या भोकांपासून आत पट्टे गेलेत तर टाकी फार जोरात हलवली. बारीक गोल ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे. डेव्हलपर ओतल्यावर टाकी टेबलावर दोनदा आपटायची ती त्यासाठीच. दुधट, जांभळट झाक राहिली असेल तर फिक्सिंग कमी झालं. ही एकच चूक मागाहून दुरुस्त होते: पुन्हा ताज्या हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, टाका. फिक्सर ठीक आहे का हे बघायला रोलच्या तोंडाचा तुकडा त्यात बुडवा आणि तो स्वच्छ व्हायला लागलेला वेळ मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्यायचा.

आता एक गैरसमज. सिनेमात लाल दिव्याखाली नायक फिल्मचा रोल उलगडून बघतो. तसं केलंत तर रोल गेला. आपण वापरतो ती कृष्णधवल फिल्म लाल उजेडही पाहते. लाल दिवा फक्त कागदासाठी, कारण प्रिंटच्या कागदाला लाल दिसत नाही. फिल्म टाकीत भरायची ती पूर्ण अंधारात किंवा चेंजिंग बॅगेत (हात घालायच्या उजेडबंद पिशवीत). पावसाळ्यात त्या बॅगेत हात घामेजतात आणि प्लास्टिकच्या रिळावर फिल्म अर्ध्यावर चिकटून बसते. वाया गेलेला एखादा रोल मागून घ्या आणि आधी उजेडात, मग डोळे मिटून, हाताला सवय होईपर्यंत चढवत राहा. रीळ हाडासारखं कोरडं हवं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त छळतं ते पाणी. तक्त्यांमध्ये सगळे वेळ २० अंश सेल्सिअसला दिलेले असतात. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी सहज तिशी ओलांडतं. इलफर्डची एचपी५ ही फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये निम्मं पाणी घालून धुतली तर २० अंशाला ११ ते १३ मिनिटं लागतात, २४ अंशाला साधारण आठ-नऊ. तिशीच्या पाण्यात वेळ इतका खाली येतो की ओतण्या-काढण्यातल्या दहा सेकंदांनीही फरक पडतो, आणि पाच मिनिटांच्या खालचं डेव्हलपिंग एकसारखं येत नाही. शिवाय इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, फुगून मऊ होतं, नख लागलं की ओरखडा. उपाय साधा: घमेल्यात बर्फाचं पाणी, त्यात सगळ्या बाटल्या उभ्या, आणि थर्मामीटर. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. चोवीसला स्थिर ठेवता येत असेल तर चोवीसलाच धुवा. एकदा वीस, एकदा सत्तावीस असं करू नका. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांच्या तापमानात फार फरक नको, नाहीतर इमल्शनला बारीक सुरकुत्या पडतात.

आमच्या वेळी डी-७६ चं पाकीट क्वचित यायचं. शिक्षक सुटी रसायनं आणून घरचाच बनवायचे. सूत्र जगजाहीर आहे: लिटरमागे मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी पन्नास अंशांच्या आसपास गरम, आणि मेटॉल आधी, सल्फाइटची फक्त एक चिमूट घालून. सल्फाइट सगळं आधी ओतलं तर मेटॉल विरघळतच नाही. कोडॅकने हा डेव्हलपर १९२७ च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मसाठी काढला होता आणि अजून तो हटलेला नाही. तुमच्याकडे पाकीट असेल तर बनवायची गरज नाही, पण शिक्षक बनवणार असतील तर त्या दिवशी बुडी मारू नका. मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ येतं, तेव्हा हातमोजे घाला आणि ट्रेमध्ये बोटं न घालता चिमटे वापरा. फिक्सरचा चिमटा डेव्हलपरच्या ट्रेमध्ये घालणाऱ्यावर सगळा वर्ग ओरडतो, ते योग्यच आहे.

प्रिंटिंगला मात्र खूप वेळ द्या. पहिल्या दिवशी सगळे एक चांगली फ्रेम निवडून थेट मोठा प्रिंट काढायला धावतात. त्याआधी अख्ख्या रोलची कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या पट्ट्या कागदावर ठेवून काढलेला एकच प्रिंट) काढा, आणि तीही एका नियमाने: कोऱ्या फिल्मच्या पट्टीखालचा कागद ज्या सर्वांत कमी वेळात पूर्ण काळा होतो, तो वेळ. तो एकदा सापडला की प्रत्येक रोलला तोच. मग शीटवर जी फ्रेम काळवंडलेली दिसेल तिचं एक्स्पोजर कमी होतं, जी फिकी दिसेल तिचं जास्त. मीटरने खोटं सांगितलं की तुम्ही मीटर चुकीच्या जागी रोखलात, हे तिथे कळतं.

मग टेस्ट स्ट्रिप. लेन्सचं तोंड दोन स्टॉप (पायऱ्या) लहान, बहुतेक एनलार्जरवर एफ/८ च्या आसपास, कागदाची पट्टी, पुठ्ठा सरकवत पाच-पाच सेकंदांचे टप्पे. पट्टी चेहऱ्यावरून जाऊ द्या, कोपऱ्यातल्या भिंतीवरून नको. डेव्हलपरमध्ये पूर्ण दीड मिनिट थांबा. लाल दिव्यात प्रिंट असतो त्यापेक्षा काळा दिसतो, म्हणून नवखे घाबरून तो लवकर उपसतात आणि पांढऱ्या उजेडात राखाडी चिखल हाती येतो. निकाल नेहमी पांढऱ्या दिव्याखाली लावायचा.

निगेटिव्ह काढताना एक्स्पोजर सावल्या बघून ठरवायचं आणि डेव्हलपिंगने उजळ भाग सांभाळायचे. प्रिंट काढताना नेमकं उलटं: सेकंद ठरवायचे ते उजळ भागावरून, आणि काळा किती काळा हवा ते कॉन्ट्रास्टच्या फिल्टरने. मल्टिग्रेड कागदाला ००पासून ५पर्यंत फिल्टर असतात. दोनपासून सुरुवात करा. प्रिंट मळकट दिसला की मुलं सेकंद वाढवतात. वाढवायचा असतो फिल्टर. एवढं पक्कं झालं की तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून चेहरा उजळणं, हाताच्या ओंजळीतून आकाश गडद करणं वगैरे आपोआप जमतं.

जाता जाता: हे शिक्षण आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५० च्या दशकातच फोटोग्राफीचा वर्ग होता. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकून पुढे नावाजलेले फोटोग्राफर झाले. तेव्हा काचेवर ओलं रसायन ओतून, ते वाळायच्या आत फोटो काढावा लागे. त्या मानाने आपण सुखी.

कॅमेऱ्याबद्दल. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१०, याशिका एफएक्स-३, असा कुठलाही जुना मॅन्युअल एसएलआर आणि ५० एमएमची लेन्स पुरे. काका-मामांकडे विचारा, कपाटात पडलेला निघतो. विकत घेत असाल तर मागचं दार उघडून सगळ्या वेगांवर शटर दाबून बघा. एका सेकंदाचं शटर एक सेकंदच उघडं राहतंय ना, ते कानाने कळतं. दाराच्या कडेचा फोम चिकट काळा झाला असेल तर बदलून घ्या, नाहीतर उजेड आत झिरपतो. लेन्समध्ये बुरशीची जाळी असेल तर घेऊ नका. आपल्या कोकणी-मुंबईच्या हवेत ती वाढतच जाते. फिल्म वर्षभर एकच ठेवा, एचपी५ किंवा फोमापान ४००, आणि डेव्हलपरही एकच. दर रोलला नवी फिल्म आणणाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही की फरक कशामुळे पडला.

वहीत प्रत्येक रोलची तारीख, तापमान, मिनिटं लिहा, आणि प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने सेकंद, ॲपर्चर, फिल्टर. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते, कॅनमध्ये साठवा. शहरात तो विकत घेऊन चांदी काढणारे असतात, कॉलेजच्या लॅब असिस्टंटला विचारलंत तर त्याच्याकडे त्यांचा नंबर नक्की असेल.