मंडळीच्या (चर्चच्या) मिशनसाठी, म्हणजे सुवार्ता दूरवर पोचवण्याच्या कामासाठी, प्रार्थना नव्यानेच सुरू केलीयेस ना, मग हे वाच

अगं, नुसतं "प्रभू, सगळ्या जगाला आशीर्वाद दे" म्हणून उठू नकोस, एक देश घे, आठवडाभर तोच धर, तिथल्या बातम्या बघ आणि मग नाव घेऊन माग. सुरुवात मत्तय ९:३८ पासून कर, पिकात कामकरी, म्हणजे लोकांत सुवार्ता सांगणारे, पाठवावेत म्हणून, आणि हे मागताना आपल्याच मंडळीतली तरुण पोरं डोळ्यासमोर आण कारण जायचंय त्यांनाच, हे लोक सोयीस्करपणे विसरतात. प्रेषितांची कृत्ये १३ पण वाच, अंत्युखिया शहरातल्या मंडळीने उपास, प्रार्थना करून बर्णबा नि शौल (पुढचा पौल), म्हणजे आपली सगळ्यात चांगली माणसं पाठवून दिली, केवढं मोठं मन!

१८०६ मध्ये अमेरिकेत विल्यम्सटाउनला पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून आशियासाठी प्रार्थना करत होते, त्यातूनच पुढे १८१० ला मिशन बोर्ड निघालं आणि त्या बोर्डाने पाठवलेले मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरले, म्हणजे आपली मराठी मंडळी पण कोणाच्या तरी प्रार्थनेचं फळ आहे बघ. इमारत, फंड वगैरे नंतर माग. आणि पाळकसाहेबांशी बोलून रविवारच्या उपासनेत यासाठी पाच मिनिटं मागून घे, एकटीने किती दिवस करणार.